शनिवार तेल्यांचे शेजारी

लखनौच्या गोमती नगरातल्या बहुतेक खंडांची नावं 'वि'पासून सुरू होतात. विपुल, विवेक, विनय, विराज, विभूती. नवा माणूस पत्ता विचारत फिरतो आणि जुना माणूस त्याला खुशाल भलत्या खंडात पाठवून देतो. इथे सगळेच कुठून कुठून आलेले. आमच्या इमारतीत गोरखपूरचे आहेत, अल्मोड्याचे आहेत, एक बंगाली कुटुंब आहे, आणि मुलाच्या नोकरीपायी उतारवयात आलेली मी, रेवदंड्याची. समोरच्या दारातल्या आपा मूळ मलिहाबादच्या. विद्यापीठात उर्दू शिकवून निवृत्त झाल्या. जून लागला की त्यांच्याकडून दशहरी आंब्यांची पेटी येते. हापूसची बाजू न सोडता मी ती संपवते.

मलिहाबादचे आफ्रिदी पठाण स्वतःला इस्रायलचे वंशज म्हणवतात. पिढ्यान्‌पिढ्या घरात सांगितलं जाणारं हे कूळवृत्त. लखनौचेच एक अभ्यासक, नवरस जाट आफ्रिदी, यांनी त्याचा पाठपुरावा केला, आणि 2009 साली इथल्या दोन विद्यापीठांत ज्यूंच्या वंशसंहारावरच्या चित्रपटांचा महोत्सवही भरवला. आपा हे सगळं मोठ्या अभिमानाने सांगत होत्या. मी म्हटलं, "आमच्या गावात तर बेने इस्रायल शेजारीच होते. तेलाचे घाणे होते त्यांचे." आपा क्षणभर गप्प. मुसा पैगंबरांचे लोक आणि घाण्याचा बैल हाकतात, हे काही त्यांना जुळेना. मग त्यांनी सरळ विचारलं, "और जब बंबई में उन पर हमला हुआ, तब आप लोगों ने क्या किया?"

प्रश्न 26 नोव्हेंबर 2008चा होता. उत्तर द्यायला लागले आणि चहा दोनदा झाला, कारण ते उत्तर 2008 साली सुरू होत नाही. चाळीस मिनिटांच्या तासात इतिहास कोंबायची सवय मला आहे, तरी हे त्यात मावत नाही.

आधी लखनौचं देणं देऊन टाकते. कलकत्त्याच्या ज्यू वस्तीचा मूळपुरुष शालोम कोहेन हा सीरियातल्या अलेप्पोचा जवाहिऱ्या. सुरतेला उतरला, कलकत्त्यात बस्तान बसवलं, आणि 1816च्या सुमारास लखनौला येऊन नवाब गाझीउद्दीन हैदर याच्या दरबारात जवाहिरी म्हणून राहिला. म्हणजे अवधच्या गादीवरच्या माणसाने आपलं जडजवाहीर पारखायला ज्यू ठेवला होता. आपांना हे ठाऊक नव्हतं. मग पेटीतले चार आंबे जास्त आले.

आता कोकण.

अलिबागजवळ नवगावला समुद्राच्या कडेला बेने इस्रायलांचं एक स्मशान आहे. परंपरा अशी, की फार प्राचीन काळी त्यांचं गलबत इथे खडकावर फुटलं. सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. बाकीच्यांची प्रेतं किनाऱ्याला लागली, ती इथे पुरली. काळाबद्दल अभ्यासकांची एकवाक्यता नाही आणि सात जोडप्यांच्या कथेला दंतकथेचा वास आहे, हे मीही वर्गात मुलींना सांगायची. पण नवगावची जागा खरी आहे, आणि कथेतला एक तपशील मला फार मोलाचा वाटतो. या किनाऱ्याने या लोकांना सगळ्यात आधी दिलं ते मेलेल्यांसाठी जमीन. घर, शेत, घाणा हे सगळं नंतरचं.

वाचलेले लोक गावोगाव पसरले आणि गावांचीच आडनावं घेऊन बसले. पेणकर, रोहेकर, दिवेकर, चेऊलकर, नागावकर, किहीमकर. धंदा धरला तेल गाळण्याचा. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणू लागले. ग्रंथ हरवले होते, हिब्रू विसरली होती. उरलं होतं ते शनिवारचं पाळणं, सुंता, खवल्यांची आणि परांची मासळी तेवढी खाणं, आणि 'शेमा'ची प्रार्थना. एवढ्या शिदोरीवर त्यांनी शतकं काढली.

सणांची नावं तर ऐकण्यासारखी. वर्षारंभ तो नव्याचा सण. प्रायश्चित्ताचा मोठा उपास म्हणजे दारफाळणीचा सण, दुसऱ्या दिवशी शिळा सण. जेरुसलेमचं मंदिर पडलं त्या दुःखाच्या दिवसाचा उपास वालाच्या बिरड्याने सुटायचा, म्हणून तो बिरड्याचा रोजा. बिरडं आमचं, रोजा मुसलमान शेजाऱ्यांचा, दुःख त्यांचं स्वतःचं. नवसफेडीला एलियाहू नबीच्या नावाने पोहे, खोबरं आणि फळांचा मलिदा होतो. अलिबागजवळ सागावच्या खडकावर याच नबीच्या रथाच्या चाकांच्या खुणा दाखवतात. मी लहानपणी त्या चाचपून पाहिल्या आहेत. चाकाच्या वाटल्या खऱ्या.

दारफाळणीच्या दिवशी आमच्या आळीतली त्यांची दारं दिवसभर लावलेली असत आणि आजी आम्हा पोरांना गल्लीत ओरडू देत नसे. शुक्रवारी तिन्हीसांजेनंतर शेजारच्या आजींकडे दिव्याचं बटण दाबायला मला पाठवलं जाई. त्या मोबदल्यात काही देत नसत. शनिवारी पैशाला हातच लावायचा नाही तर देणार काय? रविवारी मात्र खोबऱ्याची वडी मिळे.

इथपर्यंत लिहिलं की मराठी वाचक सुखावतो. 'बघा, आमच्याकडे ज्यूंना कधी त्रास झाला नाही.' हे वाक्य मी सत्काराच्या भाषणांत, वर्तमानपत्रांत, राजदूतांच्या स्वागतात इतक्यांदा ऐकलं आहे, की ते ऐकलं की माझा हात खडूकडे जातो. ज्यू म्हणून कोकणात त्यांच्यावर कुणी चाल करून गेलं नाही, हे खरं. पण तेली म्हणून? सकाळी तेल्याचं तोंड पाहू नये म्हणणारी माणसं आमच्याच घरात होती. माझी आजी, जी त्यांच्या उपासाला आम्हाला गप्प करायची, तीच त्यांच्या घरचं पाणी पीत नसे. आपल्याकडे ज्यूद्वेष आला नाही याचं एक कारण असंही असेल, की माणसाला लांब ठेवण्याची दुसरी व्यवस्था आधीच हजर होती आणि त्यांना त्यात एक पायरी मिळाली. शेजार होता, तो पायरीवरून होता. तरी तो होता, आणि वेळेला त्याचा उपयोग झाला. दोन्ही गोष्टी एकत्र धरायला हव्यात.

पायरी बदलली ती आरमाराने आणि पलटणीने. आंग्र्यांच्या आरमारात चुरीकर घराण्यातले नाईक होते. इंग्रजांच्या मुंबई फौजेत तर बेने इस्रायल मोठ्या संख्येने शिरले. त्यांतला सॅम्युअल इझिकेल दिवेकर हा टिपू सुलतानाच्या कैदेत पडला. त्यांच्यात सांगतात, की हे कुराणात नाव असलेले बनी इस्रायल आहेत असं समजल्यावर टिपूच्या आईने रदबदली केली आणि ते जिवंत सुटले. सुटून आलेल्या दिवेकरांनी 1796 साली मुंबईत पहिलं सिनेगॉग बांधलं, 'शार हारहामीम', दयेचं द्वार. मशीद बंदर स्टेशनच्या नावातली मशीद हीच, असं मानतात. रोज लाखभर माणसं तिथे उतरतात आणि त्यांतल्या बहुतेकांना हे माहीत नसतं. हे माहीत नसणं पुढे महागात पडणार होतं.

1938च्या नोव्हेंबरात 9 आणि 10 तारखेला जर्मनीत ज्यूंची हजाराहून अधिक प्रार्थनास्थळं जाळली, फोडली. सुमारे 30,000 पुरुषांना धरून छळछावण्यांत घातलं. या बातमीला जगातल्या मोठ्या माणसांकडून जी उत्तरं आली, त्यांतलं एक विदर्भातून गेलं. वर्ध्याजवळच्या सेगावला, त्याचं नाव अजून सेवाग्राम व्हायचं होतं, गांधींनी ज्यूंवर एक लेख लिहिला. तो 'हरिजन'मध्ये छापून आला त्या अंकाची तारीख 26 नोव्हेंबर 1938. बरोबर सत्तर वर्षांनी त्याच तारखेला मुंबईत जे झालं त्याच्याशी या तारखेचा काडीचा संबंध नाही. पण इतिहासाच्या शिक्षिकेला अशा तारखा झोपू देत नाहीत.

गांधींची सहानुभूती पूर्णपणे ज्यूंकडे होती. ख्रिस्ती जगातले अस्पृश्य म्हणून त्यांनी ज्यूंकडे पाहिलं. आपल्याकडच्या पायऱ्या ज्याने पाहिल्या आहेत त्यालाच सुचेल अशी ही तुलना. मात्र उपाय सांगितला सत्याग्रहाचा. मार्टिन बुबर या तत्त्वज्ञाने जेरुसलेमहून त्यांना लांब पत्र लिहिलं. छळछावणीत सत्याग्रहाला साक्षीदार कोण, हा त्यातला सवाल मला बिनतोड वाटतो. गांधींचा दक्षिण आफ्रिकेतला जिवलग हर्मान कालेनबाख, टॉलस्टॉय फार्मची जमीन देणारा, स्वतः ज्यू. तो 1939 साली सेगावला येऊन राहिला. दोघांत हिटलरवर काय बोलणं झालं असेल याची मी पुष्कळदा कल्पना करते.

सगळ्याच पुढाऱ्यांना ज्यूंबद्दल अशी सहानुभूती नव्हती. त्याच 1938च्या ऑगस्टमध्ये सावरकरांनी पुण्यातल्या भाषणात जर्मनीने नाझी मार्ग पत्करला तो तिचा तिने पाहावा, असं सांगितलं होतं. हेही आपल्याच मुलखात बोललं गेलं. ते वगळून सहानुभूतीचा इतिहास लिहिला तर तो सत्काराच्या भाषणाइतकाच खरा होईल.

भाषणांपेक्षा मुंबईतली हालचाल जास्त कामाची होती. 1934 साली तिथे निर्वासितांसाठी ज्यूंची मदत संस्था निघाली. जर्मनी-ऑस्ट्रियातून येणाऱ्यांना जामीन, खोली, काम मिळवून देणं हे तिचं काम. डॉक्टर बरेच होते, आणि त्यांच्या पदव्या इथे चालाव्यात म्हणून खटपट केली डॉ. अब्राहम एरूळकरांनी, म्हणजे आमच्याच बेने इस्रायलांपैकी एकाने. हे गांधींच्या उपासांत त्यांची नाडी पाहणारे डॉक्टर. घाण्यावरून दवाखान्यापर्यंतचा प्रवास काही पिढ्यांत झाला होता.

त्या निर्वासितांतला एक वॉल्टर कौफमन. संगीतकार, कार्ल्सबादचा, 1934 साली मुंबईत उतरला. आकाशवाणीचं प्रसारण सुरू होताना वाजणारी तंबोऱ्यावरची ती व्हायोलिनची धून त्याची. माझ्या पिढीच्या लाखो मराठी घरांची सकाळ या धुनीने उजाडली, आणि ती करणारा माणूस हिटलरच्या सावलीतून निसटून आला होता हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. चित्रकारांच्या गोटात रुडी फॉन लायडन, श्लेसिंजर, लँगहॅमर ही मध्य युरोपातून आलेली मंडळी होती. सूझा, रझा, आरा, हुसेन यांची चित्रं कुणी भिंतीला लावत नव्हतं तेव्हा त्यांनी ती उचलून धरली.

आणि मग 1939. महायुद्ध पेटल्याबरोबर इंग्रज सरकारने जर्मन पासपोर्टवाल्या सगळ्यांना शत्रू ठरवलं. नाझींपासून पळून आलेल्या ज्यूंना नाझींसोबतच अहमदनगरच्या छावणीत डांबलं. पुढे पुरंदरसारख्या ठिकाणी कुटुंबंही ठेवली. पुरंदरला सहली नेणाऱ्या शिक्षकांनी मुरारबाजीचा पराक्रम जरूर सांगावा. त्यानंतर दोन मिनिटं हेही सांगावं.

स्वातंत्र्यानंतर इस्रायल झालं आणि बेने इस्रायल जाऊ लागले. कुणी हाकललं म्हणून नव्हे. मुंबईच्या गोद्या, रेल्वे, कचेऱ्या यांतल्या नोकऱ्यांतून उठून ते गेले. तिथे त्यांच्या ज्यूपणावरच धर्मगुरूंनी शंका घेतली आणि 1964पर्यंत त्यांना त्यासाठी भांडावं लागलं, ही वेगळी करुण कहाणी आहे. इथे 20,000च्या घरात असलेला समाज आता चार-पाच हजारांवर आला आहे. आमच्या आळीतल्या आजी गेल्या, त्यांची मुलं अश्दोदला गेली, घराला कुलूप लागलं. रेवदंड्याच्या सिनेगॉगात प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष जमेनासे झाले.

मी भायखळ्याला शिकवत होते त्या भागात हे सगळं उलटं, म्हणजे सुलटं, दिसायचं. डेव्हिड ससूनने बांधलेलं मागेन डेव्हिड सिनेगॉग, त्याच्या आवारातली जेकब ससून शाळा, माझगावला एली कडूरी शाळा. ज्यू मुलांसाठी निघालेल्या या शाळांत आता बहुतेक मुलं मुसलमान. ज्यू देणगीतून उभ्या राहिलेल्या वर्गात बुरखा घडी करून दप्तरात ठेवणाऱ्या मुली पाढे म्हणतात, सणाच्या दिवशी सिनेगॉगची सुट्टी त्यांनाही मिळते. याला कुणी सलोखा वगैरे म्हणत नाही. शाळा जवळ आहे आणि फी कमी आहे, एवढंच.

26 नोव्हेंबर 2008, बुधवार. बधवार पार्कजवळच्या मच्छीमार नगरात रात्री रबरी होडीतून दहा जण उतरले. कोळ्यांनी हटकलं, तर उडवून लावलं. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे: सीएसटी, लिओपोल्ड, ताज, ओबेरॉय. या दहा जणांच्या पाच जोड्या केल्या होत्या. त्यांतली एक अख्खी जोडी कुलाब्याच्या गल्लीतल्या एका पाच मजली घरावर पाठवली होती, जे घर मुंबईच्या शेकडा नव्व्याण्णव लोकांनी कधी पाहिलंही नव्हतं. नरिमन हाऊस. तिथे छबाड पंथाचे तरुण राबाय गॅव्रिएल होल्ट्झबर्ग आणि त्यांची पत्नी रिव्का राहत. येणाऱ्याजाणाऱ्या ज्यू प्रवाशांना जेवण आणि झोपायला जागा देत. हल्ल्याच्या कटातल्या डेव्हिड हेडलीने हे घर आधी येऊन हेरलं होतं. ताजवरचा हल्ला श्रीमंतांवर होता, सीएसटीवरचा गर्दीवर. इथला फक्त ज्यूंवर होता. या देशातल्या ज्यूंना हा अनुभव नवा होता, आणि तो समुद्रमार्गे आला, नवगावच्या गलबतासारखाच.

त्या घरात सहा जण मारले गेले, त्यांत राबाय आणि गरोदर रिव्का. त्यांचा मुलगा मोशे, दोन वर्षांचा व्हायला दोन दिवस कमी. त्याला सांभाळणारी सँड्रा सॅम्युअल, मुंबईची ख्रिस्ती बाई, खालच्या एका खोलीत रात्रभर लपून होती. सकाळी तिला पोराची हाक ऐकू आली. ती जिना चढून वर गेली, आईबापांच्या बाजूला उभं असलेलं पोर उचललं आणि तशीच रस्त्यावर धावली. घरातला दुसरा कर्मचारी मुसलमान. तोही तिच्याबरोबर बाहेर पडला. तीन-चार वाक्यांत मावणारी गोष्ट. वर जाताना तिच्या मनात काय होतं, ज्यू, ख्रिस्ती, मानवता? मला वाटतं पोराचा आवाज होता. 28 तारखेला कमांडो हेलिकॉप्टरमधून दोराने गच्चीवर उतरले. गजेंद्रसिंह बिष्ट, पहाडातला जवान, त्या घरात पडला. आमच्या इमारतीतल्या अल्मोड्याच्या घरी त्याचं नाव आजही आदराने निघतं.

1 डिसेंबरला काळाघोड्याजवळच्या निळ्या केनेसेथ एलियाहू सिनेगॉगात शोकसभा झाली. मोशे आईला हाका मारत रडत होता, ते जगाने पाहिलं. त्याच दिवशी आजी-आजोबांबरोबर तो इस्रायलला गेला आणि सँड्रा त्याच्याबरोबर गेली. स्वतःचं घर सोडून. 2010 साली इस्रायलने तिला मानद नागरिकत्व दिलं.

आता ते, जे मी आपांना सगळ्यात सविस्तर सांगितलं. ठार झालेल्या नऊ अतिरेक्यांची प्रेतं जे. जे.च्या शवागारात होती. मुसलमान म्हणून त्यांचं दफन मुसलमानांच्या जागेत होणार, हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. मरीन लाइन्सच्या बड्या कब्रस्तानचा कारभार पाहणाऱ्या जुम्मा मशीद ट्रस्टने सांगितलं, आमच्या जमिनीत जागा नाही. निष्पापांना मारणारे मुसलमान नव्हेत. शहरातल्या इतर कब्रस्तानांनीही तीच भूमिका घेतली. 9 डिसेंबरला बकरी ईद होती. पुष्कळांनी दंडाला काळी फीत बांधून नमाज पढली. माझ्या वर्गातल्या नागपाड्याच्या, मदनपुऱ्याच्या मुली ईदनंतर आल्या तेव्हा एकीच्या दप्तराला ती फीत अजून टाचलेली होती. धडा होता फ्रेंच राज्यक्रांतीचा. त्यांनी तो होऊ दिला नाही. "टीचर, वो बच्चे को अब कौन देखेगा?"

इस्लाममध्ये दफन नाकारणं ही फार जड गोष्ट आहे. प्रेताला माती देणं हे उरलेल्यांवरचं कर्तव्य असतं, एकाने तरी पार पाडलंच पाहिजे असं. आपांनी मान हलवली, त्यांना हे मला समजवायची गरज नव्हती. त्यावर धर्माच्या अंगाने आक्षेपही घेता येईल, आणि घेतलाही गेला. माझ्या मते मात्र त्या सबंध काळात या शहरातून झालेली सगळ्यात वजनदार कृती ती होती. मेणबत्त्या गेट वेवर पुष्कळ लागल्या. मेणबत्तीला काही किंमत मोजावी लागत नाही. ट्रस्टने जे स्वतःच्या ताब्यात होतं, म्हणजे जमीन, तीच नाकारली. नवगावच्या किनाऱ्याने परक्या मेलेल्यांना जमीन दिली होती आणि मरीन लाइन्सने आपल्या म्हणवणाऱ्यांना नाकारली. या दोन्हींत मला एकच शेजारधर्म दिसतो. सरकारने ती प्रेतं शेवटी जानेवारी 2010मध्ये गुपचूप पुरली. कुठे, ते सांगितलं नाही.

पुढच्याच महिन्यात, 13 फेब्रुवारीला, पुण्यात जर्मन बेकरीत स्फोट झाला. 17 माणसं गेली. तिथून पावलांवर छबाड हाऊस आहे, तेही हेडलीने पाहून ठेवलेलं. तेव्हापासून पुण्याच्या लाल देवळाबाहेर, म्हणजे तिथल्या सिनेगॉगबाहेर, मुंबईत, अगदी कोकणातल्या ओसाड सिनेगॉगांबाहेरही पोलीस बसू लागले. अलिबागच्या इस्रायल आळीत, जिथे दार लोटलं की आत जाता यायचं, तिथे आता ओळखपत्र विचारतात. हल्ल्याचं हेही एक फळ. ज्यांनी शतकं पहाऱ्याशिवाय काढली, ते पहाऱ्यात गेले.

नरिमन हाऊस 2014 साली पुन्हा उघडलं. जानेवारी 2018मध्ये अकरा वर्षांचा मोशे इस्रायलच्या पंतप्रधानांबरोबर ते पाहायला आला. मधल्या काळात, 2016 साली, महाराष्ट्र सरकारने ज्यूंना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला. उशिरा, पण दिला. विवाहनोंदणीपासून शाळांपर्यंत त्याचा उपयोग आहे.

ऑस्लोमध्ये 2015 साली मुसलमान तरुणांच्या पुढाकाराने हजाराहून अधिक लोकांनी सिनेगॉगभोवती हातात हात घालून कडं केलं, कारण शेजारच्या कोपनहेगनमध्ये सिनेगॉगवर हल्ला झाला होता. सुंदर घटना. आपांनी विचारलं, तसं मुंबईत का झालं नाही? माझं उत्तर त्यांना फारसं आवडलं नाही. कडं करायला आधी सिनेगॉग कुठे आहे ते माहीत असावं लागतं. 27 नोव्हेंबर 2008च्या सकाळी टीव्हीसमोर बसलेल्या मुंबईकराचा पहिला उद्गार होता, "अरे, इथे ज्यू राहतात?" दोनशे वर्षं सॅम्युअल स्ट्रीटवरून ये-जा करून. मराठी बोलणारे, मंगळसूत्र घालणारे, पुरणपोळी करणारे ज्यू. आपण त्यांना छळलं नाही आणि ओळखलंही नाही. त्या अज्ञानाच्या जागेत काय येऊन बसतं ते बघायचं असेल तर कुठल्याही मोठ्या रेल्वे स्टेशनवरच्या पुस्तकांच्या स्टॉलवर जावं. यश कसं मिळवावं, श्रीमंत कसं व्हावं, या पुस्तकांच्या शेजारी हिटलरचं आत्मचरित्र, हिंदीत आणि मराठीत, स्वस्त आवृत्तीत. कॉलेजातली मुलं ते शिस्तीचं पुस्तक म्हणून घेतात. त्यांना बिरड्याचा रोजा कुणी सांगितलेला नसतो.

म्हणून हे लिहिण्यामागे एक मागणं आहे, खास करून रायगड, ठाणे, मुंबई, पुणे इथल्या आणि माझ्यासारख्या बाहेर विखुरलेल्या घरांकडे. बेने इस्रायलांनी मराठीत पुष्कळ लिहून ठेवलं आहे. वल्हांडणाच्या सणाची प्रार्थना त्यांनी 1846 साली मुंबईत आणि 1874 साली पुण्यात मराठी अर्थासह छापली. 1880पासून अब्राहाम, मोशे, योसेफ यांची आख्यानं लावून कीर्तनं केली, त्याच्या पोथ्या निघाल्या. नियतकालिकं काढली. इस्रायलमध्ये गेल्यावरही 'मायबोली' हे मराठी त्रैमासिक चालवलं. जाताना ही मंडळी ट्रंका शेजाऱ्यांकडे ठेवून गेली, पुस्तकं वाण्याकडे, फोटो मैत्रिणीकडे. तुमच्या माळ्यावर अशी एखादी ट्रंक असेल, कीर्तनाची पोथी असेल, दारावर हिब्रू अक्षरांची पट्टी असलेल्या जुन्या घराचा फोटो असेल, तर तो रद्दीवाल्याला देऊ नका. जवळच्या सिनेगॉगच्या समितीला दाखवा, निदान त्याची प्रत काढून ठेवा. आणि घरातलं शाळकरी मूल सुट्टीत अलिबागला जाणार असेल, तर किल्ला झाल्यावर त्याला इस्रायल आळीतही न्या. ओळखपत्र बरोबर ठेवा.